बरणीतली माती

मेतवल्लीला मीठ सापडेना. एका हातात काचेची बरणी आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन तो सकाळपासून स्वतःच्याच शेतात चोरासारखा वाकून फिरत होता. दरवर्षी बांधापाशी जरा खरवडलं की पांढरा थर निघायचा. यंदा जिथे खरवडावं तिथे काळी, ओलसर, शहाणी माती.

"काय हरवलंय, बाबा?" अवादने टोमॅटोच्या सरीतून विचारलं.

"मीठ."

"स्वयंपाकघरात आहे की! आईकडे मागा."

मेतवल्लीला हसू आलं नाही. परिषद तोंडावर आली होती.

जगभरचे लोक वर्षातून एकदा हवामानाची काळजी करायला जमत आणि कैरोच्या डॉक्टर शहीनाझ आपल्या संस्थेतर्फे मेतवल्लीला तिथे साक्षीदार म्हणून नेत. परिषद दरवर्षी नव्या देशात जाई. समुद्र मात्र दरवर्षी याच गावात येई. मेतवल्ली मंचावर बरणी उंच धरून सांगायचा, "ही माझी जमीन. समुद्राने खाल्ली." सभागृह इतकं गार असे की तो झब्ब्याच्या आत लोकरीची बंडी घाली. लोक डोळे पुसत, बरणीबरोबर फोटो काढून घेत आणि जेवायला जात. समुद्र अडवायच्या बंधाऱ्याचा ठराव पुढच्या वर्षावर ढकलला जाई. बंधारा काही आला नाही. शहीनाझबाईंची एका खोलीतली संस्था मात्र नाईलकाठच्या काचेच्या इमारतीत गेली.

मेतवल्ली इतक्यांदा विमानात बसला, पण मक्केला एकदाही गेला नाही. गाव त्याला 'बरणीचे हाजी' म्हणे. अवादची जीभ गावापेक्षा तिखट होती.

"भिकाऱ्याने जखम बरी होऊ द्यायची नसते, बाबा. धंदा बसतो."

मेतवल्ली उलट बोलत नसे. बायकोची, फिरदौसची, दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिससाठी तिला पुन्हा पुन्हा अलेक्झांड्रियाला न्यावं लागे आणि तो सगळा भार संस्था उचले. साक्षीदारांच्या घरच्यांचं दुखणंखुपणं संस्थेकडे असे.

तो देशोदेशी जमीन मेल्याचं सांगत हिंडत होता, तेव्हा इकडे अवाद तिला जगवत होता. गाढवगाडीने वाळू आणून आणून त्याने शेत उंच केलं, कालव्याच्या गोड पाण्याने धुऊन काढलं. बांधापलीकडे हाजी दसूकीचं माशांचं तळं होतं, सगळं खारं पाणी. मधल्या चरावर लोखंडी झडप होती. दसूकीचा या शेतावर कधीपासून डोळा होता. त्याचा काय नेम, रात्रीतून खारं पाणी शेतात सोडायचा, म्हणून अवादने झडपेला कुलूप ठोकलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली.

दुपारी शहीनाझबाईंचा फोन आला.

"काका, बरणी भरली ना? गुरुवारी परदेशी लोक चित्रीकरणाला येताहेत. शेत दाखवायचंय."

"बाई, शेत… बरं झालंय. टोमॅटो धरलेत."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"अरे वा, अभिनंदन! मग तुमची फाइल बंद करावी लागेल, काका. ज्याचं अजून बुडतंय त्याला जागा द्यायला हवी, नाही का?"

"आणि हिचा दवाखाना?"

"तो साक्षीदारांसाठी असतो. माझ्या एकटीच्या हातात असतं तर…" बाईंचा आवाज खरंच मऊ झाला. "गुरुवारपर्यंत विचार करा. कधी कधी मीठ परतही येतं."

जेवताना मेतवल्लीने सगळं सांगून टाकलं. फिरदौसने समोरच्या टोमॅटोची एक चकती उचलली. डॉक्टरांनी तिला टोमॅटो वर्ज्य केला होता. तिने ती डोळे मिटून खाल्ली.

"साखर आहे साखर," ती म्हणाली. "अहो, माझ्या रक्तासाठी जिवंत जमिनीला मेली म्हणू नका. बरणीत टोमॅटो भरून न्या. बघू दे जगाला."

"आणि तू?"

"माझं अल्लाह बघेल. पोराच्या कष्टाकडे तरी कुणी बघा."

मेतवल्लीने मुलाकडे पाहिलं. एरवी ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नसे, तो अवाद आईच्या दंडाकडे बघत होता. सुया टोचून टोचून तिथली शीर दोरखंडासारखी फुगली होती.

"तुझं काय म्हणणं?"

"आईचं बरोबर आहे," अवाद म्हणाला आणि अर्धी भाकर तशीच ठेवून उठला.

पहाटेची नमाज आटोपून मेतवल्लीने बरणी घासली, धुतली, उपरण्याने पुसली. किती तरी वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. यंदा मंचावर खरं बोलायचं. मग जे होईल ते होवो.

शेत दुरून चमकत होतं. दव असेल, असं त्याला वाटलं. पहिल्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत बुडाला. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

टोमॅटोची रोपं पाण्यात उभी होती. वाऱ्याने लाल फळं पाण्यावर टेकत होती.

"दसूकी!" मेतवल्ली ओरडला. "तुझी हाडं मोडतो, हरामखोरा!"

बरणी छातीशी धरून तो बांधावरून धावत सुटला. दोनदा घसरून पडला, पुन्हा उठला. त्याच्या तोंडातून शिव्या आणि डोळ्यांतून पाणी एकदमच येत होतं.

झडप सताड उघडी होती. खारं पाणी खळखळत शेतात शिरत होतं. कडीला कुलूप लटकत होतं. ते फोडलेलं नव्हतं. किल्ली आतच होती.

चराच्या काठावर, पाण्यात पाय सोडून, अवाद बसला होता. गळ्यातली दोरी रिकामी होती. त्याने वर पाहिलं नाही.

"पाणी ओसरलं की पांढरं पडेल, बाबा," तो म्हणाला. "मग भरून घ्या बरणी."