परतीचा गुडघा

जयराम मास्तरांचा उजवा गुडघा धावत जाताना कधीच दुखत नसे. परतताना हटकून दुखे. घोटी ते नाशिक शर्यत तोंडावर आली होती. विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली: आधी कॅनव्हासचे बूट, मग रस्त्याची बाजू. गुडघा बधला नाही. “अहो, सोडा ती शर्यत,” पत्नी लताबाई म्हणाल्या, “गुडघे सरकारी नाहीत, बदलून मिळायला.” “कारण सापडल्याशिवाय नाही!” दुसऱ्या दिवशी उजव्या तळहाताला फोड आला, म्हणून धावून परतताना गंगापूर रोडच्या गोठ्यावरून रोज उजव्या हातात आणायची दुधाची किटली मास्तरांनी डाव्या हातात धरली. घरी पोचेपर्यंत डावा गुडघा दुखू लागला. “किटलीमुळे!” मास्तर लंगडतच ओरडले. “मग दोन किटल्या न्या,” लताबाई म्हणाल्या, “शेजारणीचंही दूध येईल.” फोड बरा झाल्यावर मास्तरांनी दोन्ही हातांत एकेक नेली. गुडघे गप्प राहिले. दुखण्याचे कारण एवढेच: किटली एकच होती.