चिमणीच्या डोक्यातल्या उवा

"जाऊबाई, काल सोमवारी तर हिचं डोकं लख्ख होतं!" मावशींनी फणी पांढऱ्या फडक्यावर झटकली. चार उवा पडल्या आणि वळवळू लागल्या.

मंगळवारची सकाळ होती. पाळणाघराच्या खिडकीशी, उजेडात, चिमणी स्टुलावर बसली होती. खांद्यावर टॉवेल. चार वर्षांची पोर, पण मान जरा म्हणून हलवत नव्हती. मावशींनी कानामागची बट उचलली. केसागणिक लिखा.

"तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय," जाऊबाई मुलांच्या चादरींवर उकळतं पाणी ओतत म्हणाल्या. "काल तुला दिसल्याच नसतील."

"बावीस वर्षं मुलांची डोकी बघतेय मी."

"म्हणूनच म्हणते. डोळे काय नवीन आहेत?"

मावशींनी पुन्हा फणी उचलली. औषध लावून, दोन तास फणी फिरवून त्यांनी काल हेच डोकं साफ केलं होतं. ऊ काय, एका रात्रीतही चढते. पण लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात, त्या रातोरात एवढ्या येत नाहीत. आणि औषध तर आठवडाभर पुन्हा लावता येणार नव्हतं. निघतील तेवढ्या फणीने काढून त्यांनी चिमणीचे केस वर बांधून टाकले.

पाळणाघर म्हणजे मावशींच्या घरातल्याच पुढच्या दोन खोल्या. मुलं आठ, नववं घ्यायचं नाही, हा नियम. तीन महिन्यांपूर्वी चिमणीची आई विचारायला आली, तेव्हा एकच जागा उरली होती. बाई शिवणकारखान्यात कामाला, घरात दुसरं कोणी नाही. ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली.

"आजवर कुठे ठेवत होतीस?" मावशींनी विचारलं होतं.

"घरीच. कुलूप लावून जाते." मग श्वास सोडून म्हणाली, "एक तर एक."

दुसऱ्या दिवसापासून चिमणी येऊ लागली. पोर गुणी, पण लहरी. एक दिवस पोपटासारखी बोलायची, दुसऱ्या दिवशी तोंडातून शब्द नाही. आज शिकवलेलं गाणं उद्या विसरायची. जाऊबाई तिला विसरभोळी म्हणायच्या. मावशींचा मात्र तिच्यावर जीव जडला होता.

संध्याकाळी बँकवाल्या बाई मुलाला न्यायला आल्या त्या तणतणतच.

"माझ्या पोराच्या डोक्यात तीन सापडल्या, मावशी! आम्ही चार घरांनी ठरवलंय. शुक्रवारपर्यंत त्या मुलीचं डोकं साफ झालं तर ठीक. नाहीतर ती तरी राहील, नाहीतर आमची चार."

चार मुलं गेली तर पाळणाघर बसलंच. आणि चिमणीला काढली, तर ती पुन्हा कुलपाआड जाणार. मावशींना रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी त्यांनी आधी फणी हातात घेतली. सगळं डोकं विंचरून झालं. मोजून दोन उवा निघाल्या. लीख एकही नाही. मावशींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. काल एवढ्या होत्या, त्या गेल्या कुठे?

"आता धोकाच नको," म्हणत त्यांनी कात्री उचलली आणि मानेपर्यंत, पट्टी ठेवल्यासारखे सरळ केस कापले. चिमणी खूश. दिवसभर आरशापुढे मान हलवत होती आणि ज्याला त्याला, "माझे केस बघ," म्हणत होती.

आई न्यायला आली आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"मावशी, मला विचारायचं तरी."

"केस काय, वाढतील. जागा गेली तर परत मिळायची नाही."

बाईची नजर कात्रीवर गेली. मग हळूच म्हणाली, "तुमची कात्री आजच्या दिवस द्याल? एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जातात ना. सकाळी आणते."

"ने की. तुझेही कापून टाक, बरं होईल."

गुरुवारी सकाळी तिने कात्री मावशींच्या हातात ठेवली आणि घाईने निघून गेली. पाठीवरची लांब वेणी होती तशीच होती.

चिमणी स्टुलावर बसली. केस मानेपर्यंतच होते, पण उंदराने कुरतडल्यासारखे वरखाली. मावशींनी भांग पाडला. उवा होत्याच. लिखाही होत्या, ताज्या आणि वाळक्या, मुळापासून टोकापर्यंत.

"सरळ कापले होते हो मी," मावशी पुटपुटल्या.

"चष्मा," जाऊबाई म्हणाल्या. पण या वेळी त्याही जवळ येऊन बघत राहिल्या.

शुक्रवार उद्यावर आला होता. घरच्या गाद्या-उशांतच काहीतरी असणार, त्या उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय सुटका नाही, असं मावशींनी ठरवलं. दुपारी मुलं झोपल्यावर त्यांनी जाऊबाईंना राखणीला बसवलं आणि चिमणीचा हात धरला.

"चल, तुझी उशी कुठे आहे ते दाखव मला."

वाटभर पोर एक शब्द बोलली नाही. दोन गल्ल्या ओलांडून घराशी येताच मात्र तिने हात मागे ओढला.

"नको मावशी. आई रागवेल."

"मी सांगेन तिला. ती नाही रागवायची."

दाराला कुलूप होतं. ते असणारच, आई कामावर होती; घाईत मावशींच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. दाराशेजारची खिडकी वीतभर उघडी होती. निदान अंथरूण कसं आहे ते तरी दिसेल, म्हणून मावशींनी टाचा उंचावून आत पाहिलं.

गादीवर चिमणी बसली होती. मानेपर्यंतचे केस, पट्टी ठेवल्यासारखे सरळ.

मावशींनी मान खाली वळवली. चिमणीचा हात त्यांच्या हातातच होता.

"मावशी," आतून समजावणीच्या सुरात आवाज आला, "आज माझा नंबर नाही."