मोहरीएवढी खूण

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाई कधीच्या शोधत होत्या आणि सापडत नव्हतं. ती टेबलावर आडवी, एक हात डोक्याखाली, छातीवर गार जेल थापलेलं. मशीनचा प्रोब वर जायचा, खाली यायचा, पुन्हा तिथेच घुटमळायचा. किल्ली हरवली की माणूस रिकामा खिसा पुन्हापुन्हा चाचपतो, तसं चाललं होतं.

पडद्यापलीकडे स्टुलावर नवरा. मध्ये पडदा होता, पण त्याच्या तोंडावर थोडाच होता!

"काय मॅडम, लपाछपी चाललीय का?" तो म्हणाला. "हिचं असंच असतं. चष्मा डोक्यावर आणि घरभर शोधाशोध."

कोणी हसलं नाही. तो स्वतःच हसून मोकळा झाला.

हरवली होती ती एक खूण. मोहरीएवढी. औषधांनी छातीतली कॅन्सरची गाठ आटत जाणार, एक दिवस दिसेनाशी होणार. मग नेमकं कापायचं कुठे? म्हणून औषधं सुरू व्हायच्या आधीच सुईने गाठीत ती खूण सोडून ठेवली होती. खूण दिसली तर लिंबाएवढा तुकडा काढायचा, बाकी सगळं जागच्या जागी. नाही दिसली तर सगळंच काढायचं. डॉक्टरांच्या बोलण्यातलं तिला एवढं एकच समजलं होतं. पण पक्कं समजलं होतं.

"ताई, शेवटचं सलाईन झालं की लगेच या म्हटलं होतं मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विरघळणारी खूण आहे ही. कुणासाठी थांबत नाही."

"येणारच होतो हो मॅडम," पडदा बोलला. "पण मध्येच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते झालं, तर बहिणीचं बाळंतपण. त्यात जुळं! जुळ्याला चार हात लागतात. दोन हिचे, आणि दोन पुन्हा हिचेच." इथे त्याने हसायला जागा सोडली. "मग धाकट्या भावाने घर बदललं. तसं प्रत्येक काम आठच दिवसांचं होतं."

खोटं नव्हतं ते. केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून तिने सासूचा गुडघा शेकला, जुळ्यांना न्हाऊमाखू घातलं, दिराच्या कपबशा रद्दीत गुंडाळल्या. एक कप फुटला नाही. सगळे म्हणत होते, बघा, कामात राहिली म्हणून किती लवकर सावरली!

"दुसरी खूण होती की धातूची. कायम राहणारी," डॉक्टरीणबाई प्रोब दाबत म्हणाल्या. "ती तुम्हाला नको होती."

"लोखंड कशाला उगाच अंगात? विमानतळावर बायको कुकरसारखी वाजली म्हणजे?"

"ती वाजत नाही. तेव्हाही सांगितलं होतं मी."

"आणि विमानात बसवतंय कोण," ती छताला म्हणाली.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं तिला आणि उत्तर दिलं होतं त्याने. लग्नापासूनची पद्धत. हॉटेलात वेटर तिच्याकडे बघून विचारतो, तेव्हाही तसंच.

प्रोब थांबला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढला आणि सर्जनला फोन लावला.

"सर, नाही मिळत. गाठ नाही, खूणही नाही... हो. हो, पूर्णच."

"गाठ नाही?" पडद्याआडून टाळी वाजली. "म्हणजे सुटलो की!"

"गाठ दिसत नाही, असं म्हणतेय मी. तिचे बारीक कण कुठे उरलेत, ते सांगणारं काही शिल्लक नाही. स्तन पूर्ण काढावा लागेल. उद्या सकाळी."

पलीकडे स्टूल तेवढं करकरलं.

"उद्याच?" तो म्हणाला. "नाही, म्हणजे... उद्या आईला गुडघा दाखवायला न्यायचं होतं. सोमवारी जमलं तर—"

"उद्या," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं जेल पुसलं, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली आणि पडदा सरकवला. नवरा हातात तिची पर्स घेऊन उभा होता. ड्रॉवरमधून त्यांनी जांभळं जाड पेन काढलं. इथली रीत होती: आदल्या दिवशी कापायच्या बाजूला फुली मारायची, आणि ती बाजू आधी पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायची. भलतंच काही कापलं जायला नको.

"सांगा ताई, कुठली बाजू?"

तिने चादरीतून हात काढला, त्यांच्याकडून पेन घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"आजवर सगळं तुम्हीच ठरवलंत," ती म्हणाली. "फुली पण तुम्हीच मारा."

"अगं, मी काय डॉक्टर आहे?" तो हसला. पण पेन घेतलं. पर्स काखेत मारली, टोपण दातांनी काढलं, पुढे झाला.

चादर पांढरीशुभ्र. तिच्याखाली दोन उंचवटे, सारखेच. पेन एकावर गेलं, थबकलं. मग दुसऱ्यावर गेलं. त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांना मशीनची वायर गुंडाळायचं काम निघालं होतं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

त्याने तोंडातलं टोपण काढलं आणि वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं,

"कुठली गं?"