सहीचा कोंबडा

“लाच घेऊन चौदा खाणपट्टे दिलेत म्हणतात. पण साहेब, या चौदा सह्यांत तुम्ही कुठेच नाही!” वकील खिरटकरबाई खुशीत म्हणाल्या.

सही करताना माणसाचं लक्ष किती होतं, हे शाईवरून वाचणाऱ्या यंत्राने प्रत्येक सहीपुढे एकच निकाल छापला होता: लक्ष शून्य. न वाचता मारलेला नुसता कोंबडा. हेतूच नाही, तर गुन्हा कसला?

निवृत्त खनिकर्म संचालक बोम्मावारांनी मान हलवली.

“तुलनेला एक घरची सही हवी. मन लावून केलेली,” खिरटकरबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी, पिशवीतून एक जुना कागद काढला. निनादच्या ऑपरेशनचं संमतीपत्र. आठ वर्षांचा त्यांचा मुलगा त्या टेबलावरून परत आला नव्हता.

यंत्राने कागद आत ओढला. लक्ष शून्य.

“हे तर उत्तमच झालं,” खिरटकरबाई म्हणाल्या. “तुमची सवयच सिद्ध झाली. आरोप रद्द होणार म्हणजे होणार.” त्यांनी तसा अर्ज सहीसाठी पुढे सरकवला.

सुलभाताई संमतीपत्राची घडी घालत होत्या. “हा तरी वाचा,” त्या म्हणाल्या.

बोम्मावारांनी अर्जावरून नजर फिरवली. एकही अक्षर आत शिरलं नाही. त्यांनी कोंबडा मारला.