टिकल्यांचं मतदान

सुमतीबाईंनी सीमाच्या हातातलं टिकल्यांचं पाकीट सरळ ओढून घेतलं.

"अहो आजी, ते मतदानाचं आहे!"

"माहितीये मला. म्हणूनच घेतलं."

परळच्या त्या वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. वृद्धाश्रमांत कशावर संशोधन व्हायला हवं, याचे पाच विषय त्यावर लिहिले होते. ज्याला जो महत्त्वाचा वाटेल, त्यापुढे त्याने लाल टिकली चिकटवायची. मतदानाचे स्टिकर ऑफिसात राहिले, म्हणून संशोधन करणाऱ्या मृणालिनीने येताना दादरच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं उचलली होती. पोरगी हुशार. पण वाटायला दिली ती सीमाकडे, आणि तिथेच माशी शिंकली. सीमा आश्रमात कामाला नवी. इथल्या बहुतेक आज्या विधवा, त्यांच्या हातावर टिकल्या कशा ठेवायच्या? आणि आजोबांना दिल्या तर ते भडकायचे. बिचारी टिकल्या भेटायला आलेल्या मुलासुनांनाच वाटत सुटली होती. राहणारे एक आणि ठरवणारे दुसरे.

मुलासुनांच्या टिकल्यांची गर्दी एकाच विषयापुढे झाली होती: पडण्यापासून बचाव. तो निवडला गेला, तर संशोधनासाठी सहा महिने इथल्या प्रत्येक पलंगाला दोन्ही बाजूंनी उंच कठडे लागणार होते. नऊ वाजता कठडा वर, सकाळी सहाला खाली. मध्ये लघवीला जायचं तर घंटी वाजवा आणि कुणी येईपर्यंत कळ काढा. ऐंशीव्या वर्षी पुन्हा पाळण्यात झोपायला सुमतीबाई तयार नव्हत्या.

"आजी, कुठल्या विषयापुढे लावताय?" मृणालिनीने अदबीने विचारलं.

"माझा विषय यात नाहीच. सहावा लिही. कठड्यांमुळे किती माणसं पडतात?"

दोनचार सुना हसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीतून मनमोहनराव काठी टेकत उठले. एरवी हा माणूस चहा गार असला तरच तोंड उघडायचा.

"लिही गं, लिही," ते म्हणाले. "आणि एक टिकली इकडे आणा. मी काही ती कपाळाला लावत नाही."

सीमा लाजून लाल झाली. मृणालिनीने मात्र पेन उघडलं.

"थांबा हो, लिहू नका." सुमतीबाईंचा मुलगा यतीन पुढे आला. त्याच्या वाट्याच्या तिन्ही टिकल्या बचावापुढे लागल्या होत्या. "आई, हट्टीपणा पुरे. जानेवारीत बाथरूममध्ये घसरलीस. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी कसा वेळ काढलाय, माझं मला माहीत. इथल्या नोंदवहीत सगळं लिहिलंय."

सुमतीबाईंनी एकतीस वर्षं विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासले होते. कागदावरचं कारण आणि खरं कारण यांची एकमेकांशी फारशी ओळख नसते, हे त्या चांगलं जाणून होत्या. नोंदवहीतलं बाथरूमचं कारण तर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या. समोर पन्नाशीचा लेक लहान मुलासारखा रडत होता, त्याला आणखी काय सांगायचं? पुढे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आताही त्यांना त्याची माया आली. पण हॉलमध्ये बावीस म्हातारी माणसं बसली होती, आणि आज त्या बावीस जणांना कोंडायचं ठरत होतं.

"यतीन, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"म्हणजे?"

त्यांनी पाकिटातली एक टिकली सोलून बोटावर घेतली आणि कागदाकडे चालू लागल्या. त्याने आधाराला पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

"बाथरूमपर्यंत पोचलेच नव्हते मी. गेल्या दिवाळीत तू हौसेने माझ्या पलंगाला कठडा बसवलास ना, तो ओलांडताना पडले. आणि पुन्हा बसवलास, तर पुन्हा ओलांडीन."