डाग काढून मिळतील

सारिकानं फ्लेक्सची गुंडाळी काउंटरवर उलगडली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अकरमभाई, ढग कुठी गेले?"

अकरम मान वर न करताच हसला. पिंपळगाव राजातल्या त्याच्या दुकानावर पाटीच होती : 'फोटोतले डाग काढून मिळतील.' नवरदेवाच्या मुरमांपासून पुढाऱ्यांच्या डोळ्यांखालच्या काळेपणापर्यंत या गड्यानं काय काय पुसलं नव्हतं! आताही बाकड्यावर दयारामबाबा बसले होते, वारलेल्या बायकोच्या, जनकाच्या पुण्यानुमोदनाचा फ्लेक्स मांडीवर पसरून. फ्लेक्स हाती येऊन अर्धा तास झाला, पण बाबा उठत नव्हते आणि चांगला झाला असंही म्हणत नव्हते.

"साफ करून टाकले, ताई," अकरम म्हणाला. "तीनही फोटोत मधोमध एवढा काळा डाग. मले तं पाहवलं नाई. आजूबाजूच्या चांदण्या उचलल्या अन् पेरून देल्ल्या. समजून तरी येते का?"

समजून येत नव्हतं, तेच तर दुखणं होतं. वर ठसठशीत अक्षरांत 'अंधाऱ्या ढगाचा जीवनक्रम' आणि खाली तीन चौकटींत नुसत्या चांदण्या. मजकूर गिऱ्हाइकाचा, फोटो आपला, असा अकरमचा धंद्याचा कायदा. त्यामुळे मथळा त्यानं वाचलाच नव्हता.

"अहो, त्या डागायसाठीच तं हे सारं हाये!" सारिका रडकुंडीला आली. "सहा महिने त्यायलेच मोजून राह्यली मी. दोन वाजता खामगावले परीक्षक येतात. एमएस्सीचं माह्यं सारं वर्ष या पोस्टरवर हाये. आता काय दाखवू त्यायले?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. अकरमचं हसू मावळलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी इतक्या सफाईच्या कामाला कुणी नावं ठेवावीत, हेही त्याला सोसेना.

"पण ताई, भोकच तं होतं ना ते? आभाळाले पडलेलं?"

"भोक नाई, धूळ. सोयाबीनचं थ्रेशर चालू असलं म्हणजे धुराळ्यामागचं गाव दिसते का?"

"नाई."

"म्हणून काय गाव नसते?" तिनं चौकटींवर एकेक बोट ठेवलं. "मागं तारे हायेतच. ही धूळ त्यायचा उजेड अडवते. इथं ढग विरळ होता. इथं आपल्याच वजनानं आत आत दबत गेलेला, बरफाहून थंड. अन् इथं त्याच्या पोटात तारा पेटून राह्यला होता, एक बारका लाल ठिपका. लाखो वर्षं लागतात त्याले. काही ढग तं काहीच न होता विरून जातात."

"लाल ठिपका?" अकरम चरकला. "तो बी मीनंच पुसला."

मग तो खुर्ची ओढून कामाला लागला. सारिकाचे मोबाइलवर आलेले मूळ फोटो पुन्हा काढले, जसेच्या तसे बसवले, मथळा या वेळी दोनदा वाचला आणि मशीन सुरू केलं. काळे ढग एकेक करून कापडावर उतरू लागले. तिसऱ्यातला लाल ठिपका दिसला तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"अकरम," बाकड्यावरून आवाज आला. "जनकाचं बी तसंच केलं का रे तू?"

"काय, बाबा?"

"कवाचा पाहून राह्यलो. नाक तिचं, लुगडं तिचं. मंग मले ओळखू काऊन येत नाई?" बाबांनी फोटोतल्या कपाळावरून अंगठा फिरवला. "इथं गोंदण होतं. अन् हनुवटीवर तीन ठिपके."

अकरमला आठवलं. हिरवट डाग. ते काढून म्हातारीला दहा वर्षांनी तरुण केल्याचा त्याला केवढा अभिमान वाटला होता.

"जुनाट दिसे, बाबा. म्हणून..."

"सात वर्षांची होती तवा गोंदलं. सुई टोचताना रडली नाई, हे मले जलमभर सांगत राह्यली."

अकरमनं जुनी फाइल उघडली आणि केलेली सफाई एकेक पायरी मागं घेत गेला. सारिकाचं पोस्टर तयार झालं होतं, बसही धरायची होती, तरी गुंडाळी काखेत मारून ती दारातच थांबली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जनकाच्या हनुवटीवर एक ठिपका आला. मग दुसरा, तिसरा. मग कपाळावरचं गोंदण.

दयारामबाबा पडद्याजवळ वाकले.

"हाव," ते म्हणाले. "आता आली."