जागेवरून हलायचं नाही

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या घरात एक नियम कडक होता. आपली बेसबॉल टीम जिंकायला आली की कुणी जागेवरून हलायचं नाही. शैलेंद्रची ही क्रिकेटच्या दिवसांपासूनची श्रद्धा. कुणी हललं की मॅच जाते. यंदा मात्र कुणी न हलताही टीम रोज हरत होती.

शैलेंद्रच्या आईला नियम पाळणं सोपं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती खुर्चीतून उठायलाच तयार नव्हती. थेरपिस्ट थकली, सुनेनं, विनीतानं, विनवण्या केल्या, आईचं एकच, "मला नाही जमायचं."

आज एक झेल घेतला की मॅच खिशात होती. चेंडू उंच गेला, फील्डर त्याच्या बरोबर खाली उभा राहिला, आणि हातात आलेला झेल त्यानं सोडला. तेवढ्यात समोरच्या टीमच्या दोघांनी धावून दोन रन काढले. मॅच गेली.

"अरे मेल्या, लहान पोरानं घेतला असता तो," आई कडाडली. खुर्ची सोडून, ताठ उभी राहून, टीव्हीवर बोट रोखत.

विनीता किचनमधून धावत आली आणि दारातच थबकली. "हरलो?"

"हरलो," शैलेंद्र डोळे पुसत हसला. "आई जागेवरून हलली ना."